बिनमिठाची सोलं

दाभोळ, ४ मे २०२५

चि. सानिका हिस काशीआत्याचे आशीर्वाद.

कोकमाची सोलं मुंबईला निघालेल्या शुभंकरबरोबर पाठवली आहेत. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि तू ओरडायला लागलीस की शेजारची सगुणा धावत येते, म्हणून लिहिते. माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासून तुम्ही डॉक्टर कॅन्सर म्हणता. तपासणीचा तो जांभळा फोटो मी पाहिला. बाटलीतल्या रंगात काहीही जांभळं दिसेल. पेशी कोकमाने रंगवण्यावरच तुझा अभ्यास चाललाय ना? मग माझ्या झाडाच्या कोकमाने तो तुकडा रंगव. त्यात दिसलं तर मुकाट ऑपरेशनला येईन.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
काशीआत्या

मुंबई, १२ मे २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

निदान नेहमीच्या रंगाने झालं आहे आणि ते पक्कं आहे. कोकमावर अजून कोणी निदान करत नाही. तरी तुझ्या हट्टापायी सरांना विचारून त्या तुकड्याचा एक पातळ काप रंगवला. सोलांचा अर्क काढून रंग पक्का बसावा म्हणून तुरटी घातली. सगळं नुसतं फिकट गुलाबी, पेशींची केंद्रकं दिसेचनात. मग उरलेलं सोल चाखून पाहिलं. आत्या, यांना मीठ लावलंयस ना? त्याने रंग धरत नाही. त्या सोलांची हॉस्टेलवर कढी झाली, ती मात्र झकास.

बिनमिठाची पाठव, पण तोवर ऑपरेशन अडवू नकोस. मला झोप लागत नाही.

तुझा लोभ हवाच, तूही हवीस.
सानिका

दाभोळ, १९ मे २०२५

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

फिकट आलं हे वाचून मला इतका आनंद झाला की पुढचं वाचायच्या आधीच सगुणाला सांगून आले. मग मिठाचं वाचलं. सगुणा म्हणाली की पुन्हा मीठ घालूनच पाठव, म्हणजे काही निघायचंच नाही. तिने गमतीने म्हटलं, पण माझ्याही मनात तेच होतं. सोलं वाळत घालताना बरणी उघडून मूठभर मीठ हातात घेतलं होतं. परत ठेवलं.

ही सोलं पाठवत नाही, गुरुवारच्या गाडीने स्वतः घेऊन येते. तुझ्या अभ्यासासाठी रंगव, मला काही दाखवू नकोस. ऑपरेशनची तारीख घेऊन ठेव. मला फार भीती वाटते. आत नेईपर्यंत हात सोडू नकोस.

तुझी,
काशीआत्या