उजळ करू नका

शनि. ७ फेब्रु.
धरमपेठचा कॅमेऱ्याचा क्लास. आज मुख्य दिवा कुठे ठेवायचा ते. खुर्चीवर पुन्हा वर्गातली श्रावणी. ती गोरी, मग दिवा कुठूनही लावा, छानच दिसते. मी म्हटलं, सर, आज मी बसते. सर हसत म्हणाले, "ज्योती मॅडम, तुमच्यावर लाइट फार खर्च होईल." सगळे हसले.
मी पण हसले. त्याचाच राग जास्त. काहून हसले मी? अजून गाल दुखतायत.

रवि. ८ फेब्रु., उमरेड, घरी
गृहपाठ: एक चेहरा, एक दिवा. धाकट्या बहिणीला, मंजूला बसवलं. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, माझ्याहून सावळी. नाही, काळी. लिहायला काय होतं?
मागच्या दिवाळीत तिचा फोटो स्टुडिओवाल्याने इतका पांढरा केला की चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे. तिला पाहायला पाहुणे आले, मुलाची मावशी चहा पिता पिता म्हणाली, फोटोत उजळ होती. त्यानंतर मंजू कुणाच्या मोबाइलसमोर उभी राहत नाही. मी क्लास लावला तो त्यानंतर. हे घरी कोणाला सांगितलेलं नाही.
आज दिवा समोरून लावला, सरांनी दाखवला तसा. कपाळ स्टीलच्या ताटासारखं चकाकलं, बाकी चेहरा सपाट. मंजूने स्क्रीन पाहिली. "ताई, मी अशी दिसतो का वं?" आणि पावडर आणायला उठली.
मी ओरडले तिच्यावर. चूक दिव्याची, ओरडा तिला.

शनि. १४ फेब्रु.
वर्गात मंजूचा शॉट लावला. सर: "चेहरा कुठे आहे?" मग स्वतःच कॉम्प्युटरवर उजेड वाढवत गेले. मागची भिंत पांढरीफटक, मंजू राखेच्या रंगाची. "चेहरा बदला, सोपं जाईल. श्रावणी बसेल तुमच्यासाठी."
माझ्या बहिणीचा चेहरा बदला!
 बर्डीपर्यंत बसमध्ये मनातल्या मनात भांडत आले. तिथे सगळी उत्तरं सुचली, एकाहून एक.
आईला फोनवर सगळं सांगून बसले. सांगायला नको होतं.

मंगळ. १७ फेब्रु.
मिहानच्या ऑफिसातून सरळ खोलीवर.  आरसा, दिवा आणि मी.
समोरून दिवा मारला की कपाळावर डाग पडतो, बस. वाढवला की डाग मोठा. संतापून दिवा भिंतीकडे वळवला, बंदच करणार होते, आणि आरशात पाहिलं तर गाल! गालाचं हाड, नाकाची कड, हनुवटीखालची सावली, सगळं जागच्या जागी. भिंतीवर आपटून आलेला मऊ, रुंद उजेड, एका बाजूने. काळ्या कातडीला उजेड जास्त नको, मोठा हवा. तिच्यावर तो पसरतो, चमकतो, आणि त्या चमकेतूनच आकार कळतो.
म्हणजे जमतं! मग हे शिकवत काहून नाहीत? का त्यांनाही येत नाही? बहुतेक कधी करूनच पाहिलं नसेल. गरजच पडली नाही.
दिव्याला हात लागून बोट भाजलं. असू दे.

रवि. २२ फेब्रु., उमरेड
मंजू बसेना. आईने सांगितलं होतं तिला वर्गातलं.
"तुले शिकाचं आहे म्हणून मी बसू काय? तुह्या वर्गातल्यायले हसाले?"
"मंजे, ऐक तरी."
"काय ऐकू? पाहुणे पाहून गेले, आता तुहे सर पाहून राहिले. मी काय प्रदर्शन आहो?"
मीही चढले. दोघी इतक्या मोठ्याने भांडलो की आई बाहेर आली. "शेजारी ऐकून राहिले, हळू बोला वं!"
शेवटी मंजू म्हणाली, बसतो, पण पावडर नाही, हसणार नाही, आणि मले नाही आवडलं तर इथंच पुसून टाकाचं.
अंगणाकडच्या दारात बसवलं. बाहेर दोरीवर पांढरी चादर, उन्हात. चादरीचा उजेड तिच्या डाव्या गालावर. मागे आतला अंधार, म्हणून चेहरा उठून आला. सर सांगतात, माणूस ज्या बाजूला पाहतो तिकडे मोकळी जागा सोडा. मंजू कुठेच पाहीना, सरळ माझ्यावर डोळे रोखून. मग जागा सोडलीच नाही. चेहऱ्याने फ्रेम भरून टाकली.
तिने तो शॉट पाहिला. परत पाहिला. 
"डोळे लय रागाचे दिसून राहिले."
"होतीसच ना रागात."
"हं. राहू दे."

शनि. २८ फेब्रु.

मंजूचा शॉट लागला.  सर खुर्चीतून पुढे झुकले. "छान. हे कसं केलं?" मी चादरीचं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, खोटं का बोलू. मग: "पुढच्या शनिवारी पालक-पाहुणे येतील तेव्हा मोठ्या पडद्यावर लावू. थोडं उजळ करून." आणि हात माउसकडे.
मी माउसवर हात ठेवला.
"नको सर."
"अहो, पडद्यावर काळी दिसेल."
"काळीच आहे ती."
"लोकांना दिसायला पाहिजे ना?"
"तुम्हाला दिसली की आत्ता. छान म्हणालात."
सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, मग लावता येणार नाही, बाकीच्यांच्या कामाबरोबर जुळत नाही. मी पेनड्राइव्ह ओढून काढला आणि निघाले. जिन्यात श्रावणी मागून आली. "मला पण शिकव ना चादरीचं. मला दर वेळी नुसतं बसवतात, कॅमेरा हातात कधी देतच नाहीत." तिच्यावरही माझा राग होता, एवढे दिवस. तिचा काय दोष?  फोन करते म्हटलं.

रवि. १ मार्च, उमरेड
सरांचा मेसेज: "शॉट आहे तसा लावू, पण सगळ्यात शेवटी. कळवा." तोवर बरेच जण गेलेले असतील. कळवा.
म्हणजे लावायचाही आणि लपवायचाही! मी फोन आदळला. मंजूला वाचून दाखवलं आणि म्हटलं, मी नाही जात. गेला खड्ड्यात तो क्लास.
आई म्हणाली, "जाऊ दे वं, कायले वैर घेतं सरांशी."
मंजू मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी येऊन राहिली शनिवारी. समोरच्या खुर्चीत बसतो. माह्या फोटोच्या आधी कोण उठून जाते, पाहू दे मले."
मी आदळलेला फोन उचलला. 
सरांना अजून काही कळवलेलं नाही.