गाण्यातला एक आवाज जास्त

४ ऑगस्ट, सोमवार
सांगतेय मी, लिहितेय माझी नात कॅमिल. मला अक्षर येत नाही, तोंड मात्र कुणाचं ऐकत नाही. एक्क्याऐंशीव्या वर्षी मी नटी झाले! सिनेमावाल्यांनी आमचं बंद पडलेलं माउंट निबो चर्च झाडूनपुसून घेतलंय. दिग्दर्शक वेस्ली अटलांटाचा, कोवळा पोर. मला ‘मिस लव्ही, मॅम’ म्हणतो आणि सावलीत खुर्ची देतो. गोष्ट आम्हा मिसिसिपीच्या गरिबांची, म्हणून माझ्या निळ्या झग्यावर त्यांनी मुद्दाम चहाचे डाग पाडले. मी म्हटलं, बाळा, आम्ही गरीब होतो, घाणेरडे नव्हतो. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

आज दफनाचं शूटिंग उरकलं, त्याआधीचा चर्चमधला विधी बुधवारी. आधी पुरायचं, मग रडायचं! शवपेटीत वजनाला वाळूची पोती.

६ ऑगस्ट, बुधवार
माझं काम ओळ देण्याचं. पूर्वी आमच्यात वाचणारे थोडे, म्हणून एकीनं भजनाची ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवून मागून गायची. पहिल्या ओळीआधी मेलेल्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की गाणं संपवून त्याला मातीपर्यंत पोचवायचंच.

गोष्टीत मेलेल्या म्हातारीचं नाव मॅटी. माझ्या जिभेवर आलं ओझेला. माझी धाकटी बहीण. शिकागोला गेली, तिथेच मेली. वेस्ली खूश. म्हणाला, मिस लव्ही, हेच राहू दे, खरं वाटतं. मग अकरा वेळा नाव घेतलं, अकराही वेळा तो मध्येच ‘कट’ म्हणाला. गाणं एकदाही संपलं नाही.

७ ऑगस्ट
आवाज टिपणाऱ्या इंग्रिडनं विचारलं, मागे गाणाऱ्या बायका किती? मी म्हटलं नऊ. तिच्या यंत्रात दहा. मी म्हटलं, कुणीतरी दोघींचं कॉर्नब्रेड खातेय, तर दोघींचं गाणारच. तिनं माझ्या कानाला यंत्र लावलं. दहावी प्रत्येक ओळीचं शेपूट नाकातून वर उचलते. असं आमच्या घरात फक्त —

मी हसून वेळ मारून नेली.

८ ऑगस्ट
पेटी हलवायची होती. पोती कालच काढलेली. तरी चार बाप्यांना उचलेना. वेस्लीनं चेष्टेनं विचारलं, आत कोण निजलंय? त्यानं झाकणाला हात घातला, तर मी त्याच्या मनगटावर फटका मारला. का, विचारलं, तर म्हटलं माझा गुडघा दुखतोय. काय उत्तर!

९ ऑगस्ट
लिही, कॅमिल. माझ्याकडे बघू नकोस.

१९६६ साली ओझेलाचं पत्र आलं. तेव्हा गावाला वाटे मला वाचता येतं. रविवारच्या शाळेत मी पोरांना शिकवायचे, सगळं पाठ करून. ते पत्र मी याच चर्चमध्ये, आईसमोर उभी राहून वाचलं. म्हणजे कागद धरला आणि मनचं बोलले. ओझेला बरी आहे, काम चांगलं आहे, लाल कोट घेतलाय. आईनं टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांनी ओझेला गेल्याची तार आली. शहरानं कुठे पुरली, कुणालाच —

इतकी वर्षं जपलेलं ते पत्र आज कॅमिलनं वाचलं. पहिलीच ओळ : लव्ही, हे पाद्रीबाबांकडून वाचून घे, लाजू नकोस. मग : मी फार आजारी आहे, मला घरी घेऊन जा.

पुढचं मी कॅमिलला इथे उतरवू दिलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार, भर दुपार
वेस्ली कबूल झाला. उद्या गाणं शेवटपर्यंत होईल, पेटी मातीत जाईल. पण आधी मला सगळ्यांसमोर कबुली द्यायची आहे. स्वयंपाकघरात बसून कॅमिलपुढे म्हणून बघतेय.

मला वाचता येत नव्हतं.

पुढच्या खोलीतून तीच ओळ आली. लांबवलेली. शेपूट वर. कॅमिललाही ऐकू आली.

मी खोटं वाचलं.

तीही मागून आली.

आईला मी फसवलं — थांब. ही ओळ मी अजून दिलीच नव्हती. ती आधीच तिकडून आली — कॅमिल, दार उघडू नकोस! लिही.

आता ओळ ती देतेय. मागून म्हणायचं मी.

पाकिटात आगगाडीचं तिकीट होतं.

होतं. पाकिटात आगगाडीचं तिकीट होतं.

लव्हीनं ते चुलीत घातलं.

ओझेला, मी — मी ते चुलीत घातलं.

तिकीट ओळखायला अक्षर लागत नाही.

तिकीट ओळखायला —