सेल सरळच होते

आई, तुझा टेप आज सेलवर चालला. हो, सेलवर. दादाने समुद्रपूरच्या घराचा माळा साफ केला आणि एक खोकं मला वर्ध्याला धाडून दिलं. त्यात तुझी हजेरीवही, बडबडगीतांच्या तीन कॅसेटी, अडॅप्टर आणि तो टेप. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी त्याच्या पट्ट्याला अजून खोबरेल तेलाचा वास येतो. म्हटलं रविवार आहे, बसू उघडून. पोरांना दुरुस्ती शिकवून पोट भरणारी बाई मी, आणि आईचा टेप इतकी वर्षं तसाच पडलेला. लाज वाटायला पाहिजे.

काय झालं होतं ते तुला आठवत असेलच. घरी लाइटवर टेप खणखणीत चालायचा आणि तुझ्या अंगणवाडीत, जिथं लाइटच नव्हती, तिथं सेलवर एकदम मुका. तू सेल उन्हात ठेवायचीस, नवे आणायचीस, पदराने पुसून टाकायचीस. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, शनिवारी घरी यायची, अन् मला शिंगं फुटलेली. तू म्हणायचीस, "सेलवर नाई चालून राह्यला व, पाय ना जरा." मी अडॅप्टर लावायची, गाणं वाजायचं. "हे पाय, चालून राह्यला ना! तुले सेल टाकता येत नाई, बस." झाली माझी तपासणी.

मग सुपरवायझर मॅडम आल्या तो दिवस. सुट्टी आहे म्हणून मी तुझ्यासोबत आले आहे. लेकरं हात वर करून गोलात उभी आहेत, तू बटण दाबतेस, काहीच नाही. पुन्हा दाबतेस. मॅडम माझ्याकडे पाहतात, आणि मी, अरे बाप्पा, केवढ्या थाटात बोलते, "उलटे टाकले असतील, मॅडम. सातवी शिकलेल्या बाईले काय कळते त्यातलं!" मॅडम हसल्या, मदतनीस हसली, तूही हसलीस. "सरळच टाकले व मी, दोनदा पायले," इतकंच म्हणालीस आणि स्वतःच गायला लागलीस. पुढे नोकरी संपेपर्यंत तू गळ्यावरच गाणी घेतलीस. संध्याकाळी आवाज बसलेला असायचा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत मोरीपाशी उभी राहायचीस. मी त्या टेपचं झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

आज उघडलं. स्प्रिंगांवर हिरवट थर चढला होता, तो लिंबू लावून जुन्या ब्रशने घासून काढला, तेव्हा खालच्या खुणा दिसल्या. चारही खणांत जांभळ्या शाईने अधिकची मोठाली चिन्हं, शेजारी बाण. पोलिओचा डोस झाला की लेकरांच्या करंगळीला लावायचीस ना, तो मार्कर. छापील खुणा तिथं होत्याच, पण तू त्यावर पुन्हा काढल्यास, पोरगी एवढी शिकलेली, ती म्हणते तर आपलंच चुकत असेल म्हणून. आई, मी ब्रश खाली ठेवला आणि ढसाढसा रडले.

मग तुझ्या बाणांप्रमाणे नवे सेल टाकले. टेप मुकाच. मीटर लावला. सेलच्या टोकांना पुरे सहा व्होल्ट, आतल्या सर्किटवर शून्य. मधे राहतं ते अडॅप्टरची पिन घालायचं भोक. त्यात एक बारीक पत्ती असते. पिन आत गेली की ती उचलली जाते आणि सेलचा करंट तुटतो, पिन काढली की पुन्हा खाली बसते. ही बसलेलीच नव्हती, वाकून वरच अडकली होती. सुईने हळूच दाबली आणि कॅसेटची चाकं फिरायला लागली.

ती कोणी वाकवली तेही कळलं. आधीचा अडॅप्टर जळाल्यावर दुसरा मीच आणला होता. त्याची पिन जराशी जाड, आत जात नव्हती. "राहू दे व, जोर नको करू," तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस. मी रेटून बसवली. खोक्यात तोच अडॅप्टर आहे, आज नुसता टेकवून पाहिला, अजूनही रेटल्याशिवाय आत जात नाही.

आणखी एक आहे, ते तुला कधी कळलं नसतं. दरवर्षी सेलची उलटी-सुलटी बाजू शिकवताना मी वर्गात तुझीच गोष्ट सांगते. टेपमध्ये उलटे सेल टाकणारी माझी आई. वर्ग हसतो, तास चांगला जातो. उद्या नव्या बॅचचा तोच तास आहे. टेप पिशवीत भरून ठेवला आहे. तुझ्या जांभळ्या खुणा दाखवायच्या, सेल सरळच होते, आतली पत्ती वाकली होती म्हणून सांगायचं, एवढं पक्कं. हे पत्र तुझ्या हजेरीवहीत ठेवते. पण वर्गात, मग पत्ती कशानं वाकली, असं कोणीतरी विचारणारच. त्यावर "जुन्या मशीनमध्ये होतं कधी कधी असं" हे उत्तर मी आत्ताच, हे लिहिता लिहिता, तयार करून ठेवलं आहे.