कोल्हापुरात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

बाई,

झालं ते असं.

१. सातवीच्या वर्गात मी पाणी उकळायला ठेवलं. पारा ९८ वर थांबला.
२. मुलांनी वहीत ९८ लिहिलं. मी बरोबरची खूण केली.
३. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेत पाण्याचा उत्कलनबिंदू विचारला. पर्यायांत ९८ होतं, १००ही होतं. माझ्या वर्गातल्या मुलीनं ९८ निवडलं.
४. तिची जागा एका गुणानं गेली.

पुस्तकातलं शंभर समुद्रकाठचं, आपण उंचावर, म्हणून आपल्याकडे हवेचा दाब कमी, हे मी वर्गाला सांगितलं होतं. घंटा होता होता, एका वाक्यात. परीक्षेत काय लिहायचं ते सांगायला हवं, हे मला सुचलंच नाही.

फौंड्रीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मी आपल्याच शाळेत आले, तेव्हा शिकवण्याची दुसरी पद्धत मला माहीत नव्हती. तुमचीच होती. सातवीतला आमचा विज्ञानाचा पहिला तास. तुम्ही टेबलावर स्टोव्ह ठेवता, पंप मारता आणि म्हणता, ‘आज काय दिसंल ते मी सांगणार न्हाय. तुम्ही मला सांगायचं.’ पाणी अजून कोमटही झालेलं नाही आणि मी शंभर लिहून मोकळी. मी एकटी नाही, सगळेच. गाइडात निरीक्षण छापलेलं असायचं. ते प्रयोगाआधीच उतरवून ठेवायची आमची रीत होती. पाणी उकळल्यावर तुम्ही माझी वही उचलता. ‘शंभर? कुठं दिसलं गं तुला? मलाबी दाखव की.’ मागून एक पोरगा ओरडतो, ‘बाई, तिचं पाणी मुंबईचं हाय!’ वर्ग हसतो. तुम्ही त्याच्याकडे वळता. ‘गाढवा, बरोबर बोललास की.’ आणि उरलेला तास हवेच्या दाबावर जातो. घरी जाताना मला वाटत होतं, पुस्तकाला माहीत नाही ते मला माहीत आहे.

परवा त्या मुलीची आई शाळेत आली. उचगावात भाजी विकते. ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘मॅडम, पोरगी घरात भांडतीया. म्हणती, मी डोळ्यांनी बघितलंय, चुकंल कसं? काय सांगू तिला?’ मी दाब समजावू लागले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘बरोबर असंल वो तुमचं. पर हॉस्टेल मिळालं असतं तर शिकली असती. आता सातवी झाली की इचलकरंजीला मावशीकडं धाडतो, मागाच्या कांड्या भरायला.’

निवासी शाळेला मी पत्र लिहिलं. उत्तरसूची अंतिम आहे, असं कळवलं त्यांनी. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, ‘मॅडम, पोरांना दाखवत बसू नका, लिहून द्या. सोमवारपासनं गाइडातली उत्तरं फळ्यावर.’

काल चुंबकाचा तास होता. बाकीची मुलं टेबलाभोवती गोळा झाली. ती जागेवर बसून राहिली. जवळ बोलावलं, तर खाली बघत म्हणाली, ‘मॅडम, परीक्षेत काय लिहायचं ते आधी सांगा. मग बघतो.’

बाई, मला तुमच्या स्टोव्हची पिन आठवते, खडूनं पांढरी झालेली बोटं आठवतात. वार्षिक परीक्षेत मी काय लिहिलं, ते आठवत नाही. तुम्ही आम्हाला काही सांगितलं होतं का? दिसलेलं एक आणि गुणांसाठी एक, अशी दोन उत्तरं दिली होतीत का? दिली असतील तर ती कुठल्या शब्दांत, की नंतर आमचा आमच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला नाही? वर्गमैत्रिणींना विचारलं. कुणालाच आठवत नाही. ते शब्द मिळाले तर मी आधी त्या मुलीकडे जाईन, मग तिच्या आईकडे. सातवी संपायला अजून थोडे दिवस आहेत.

हे पत्र पेटीत पडणार नाही, हे मला कळतं. तुम्ही जाऊन वर्षं झाली. वर्गात मी तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. तुमची भीती वाटायची. हा पहिलाच.

सोमवारी सकाळी सातवीचा तास आहे. कृपया रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.