पहिल्या घरावरची खडूची खूण

मी खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त आरोग्यसेविका, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. मूत्रपिंडे गेली आहेत, डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर मुलीला. जावयांना स्वयंपाकघराची भिंत पाडायची आहे, ती माझ्या माघारी खुशाल पाडावी. दाराच्या चौकटीला मात्र कलम चार वाचल्याशिवाय हात लावू नये.

२. बँकेतली ठेव धाकट्या बहिणीला. तिच्याकडे जेवायला गेले की मी टेबलावरचे मिठाचे भांडे उचलून ठेवत असे, म्हणून तिने अकरा वर्षे अबोला धरला. भांडे मी आजही उचलले असते.

३. आमच्या विभागाच्या साहेबांना काहीही नाही. घरोघरी रक्तदाब मोजायच्या फेऱ्या त्यांनी बंद केल्या. जाब विचारायला गेले तर म्हणाले, "बाई, जो झटका आलाच नाही, त्याचं उद्घाटन कसं करायचं?" मग सहा मजली रुग्णालय उभे राहिले. माझ्या वस्तीतली माणसे तिथे पोचली, पण तोंड वाकडे झाल्यावर.

४. आता सरकार देशभर त्या फेऱ्या पुन्हा सुरू करणार आहे, आणि समितीने नमुना म्हणून माझ्या, वर्षाला एक अशा, एकवीस नोंदवह्या मागितल्या आहेत. त्या द्याव्यात. सोबत हेही कळवावे, की पहिल्या बारा वह्यांतली पहिली ओळ खोटी आहे. रक्तदाब मोजला की चौकटीवर खडूने खूण करायची आणि वहीत आकडा लिहायचा, अशी आमची रीत. फेरी माझ्याच घरापासून सुरू व्हायची. मी चपला घालता घालता खूण करायची, एकशेवीस-ऐंशी लिहायची आणि निघायची. हे म्हणायचे, "अगं, माझंही बघ की एकदा." मी म्हणायची, "तुम्हाला काय धाड भरलीय?" बाराव्या वर्षी ते न्हाणीघरात कोसळले. त्या सकाळचेही एकशेवीस-ऐंशी लिहून झाले होते.

बाळे, तुला मी सांगितले की अचानक झाले. अचानक काही झाले नव्हते. तुझे वडील माझ्या हलगर्जीपणाने गेले, आणि हे तोंडाने सांगायची हिंमत मला कधी झाली नाही. समितीने माझ्या घरापायी उरलेली चारशे घरे रद्द करू नयेत, एवढे तू त्यांना सांग.

५. रक्तदाबाचे यंत्रही मुलीला. घराची किल्ली घेण्याआधी तिने स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यावा. तिचाही मी कधी मोजला नाही.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मे, शनिवार सकाळ
मृत्युपत्र करणारी: सही
पहिल्या साक्षीदार, डॉक्टरीणबाई: सही
दुसरे साक्षीदार, समोरचे शिंपीकाका:

खुलासा: सहीआधी सवयीने दोघांचा रक्तदाब मोजला. शिंपीकाकांचा दोनशेदहा-एकशेवीस निघाला. "सही करून जातो की, दोन मिनिटांचं काम," असे ते म्हणत होते. मी कागद ओढून घेतला. डॉक्टरीणबाई त्यांना गाडीत घालून रुग्णालयात गेल्या आहेत. त्यांच्या सहीवाचून हा कागद रद्दी आहे, हे मला ठाऊक आहे. मी दार उघडे ठेवून बसले आहे.