जीप, हँडल आणि माझी सही

४ जाने., रविवार

आजच्या पेपरात चौथ्या पानावर मानेचा फोटो. आमच्या जीपच्या बंपरवर बूट ठेवून उभा. खाली ओळ : 'भंगारातून उभी केली फौजी जीप, निवृत्त सुभेदारांची बारा वर्षांची मेहनत.'

बारा वर्षं! गाडी त्याच्या दारात जाऊन बारा महिने झालेले नाहीत.

आणि बंपरवर बूट. ह्यांनी त्या गाडीला कुणाला टेकूनसुद्धा उभं राहू दिलं नाही कधी.

फोटो कापून टेबलाच्या खणात ठेवला. फाडला नाही. लागेल.

५ जाने., सोम.

एकदा सगळं लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

हे मागच्या फेब्रुवारीत गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माने आला. ह्यांचा वीस वर्षांचा मित्र, फौजी गाड्यांच्या आमच्या मंडळाचा सभासद. डोळे पुसले, चहा घेतला, मग पिशवीतून कागद काढले. "वहिनी, एक मेच्या संचलनात गाडी न्यायचीय. त्याची शेवटची इच्छा होती. परवानगीला वारसाच्या सह्या लागतात." चार ठिकाणी बोट ठेवलं. चार ठिकाणी सही केली. चष्मा आतल्या खोलीत होता, उठून आणला नाही.

एकतीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलं. दर वर्षी निरोपाच्या तासाला एकच सांगायची : वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.

ते गाडी नावावर करून द्यायचे कागद होते. संचलन झालं, गाडी परत आली नाही. मी त्याच्या घरी गेले तर म्हणतो, "त्यानं मला शब्द दिला होता, वहिनी. आणि तुम्हाला ती सुरू तरी करता येते का?" मागे दोघे सभासद बसले होते, ते हसले.

कागद परत हवेत. गाडी परत हवी. आणि त्या दोघांच्या हसण्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकायला लावायचाय. चारचौघांत.

७ जाने., बुध.

मोकळी शेड झाडली. झाडायचं कारण नव्हतं.

गाडी आली तेव्हा लिलावातला नुसता सांगाडा होता. इंजिन वेगळं, पोत्यात. प्रत्येक बोल्ट मी रॉकेलमध्ये घासला. शाळेत खडू धरला की बोटांचा काळा ठसा उमटायचा, मुली हसायच्या. मंडळात मात्र मी 'वहिनी'. पोहे करणार, सभेचं इतिवृत्त लिहिणार. हे सांगायचे, "अहो, इंजिन हिनं बसवलंय," तर सगळे समजायचे की हवालदार बायकोचं कौतुक करतायत.

ह्यांची एक फौजी सवय होती. गाडी उभी केली की डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीचं, झाकण उघडून आतला रोटर काढायचे आणि खिशात टाकायचे. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय गाडी जागची हलत नाही. किती वेळा शर्टाबरोबर धुतला गेला तो. मी चिडायची. "अगं, शत्रूच्या हाती गाडी लागली तर?" साताऱ्यात कुठला शत्रू, म्हणायचे मी.

११ जाने., रवि.

सांगलीहून आमच्या जुन्या ओळखीच्या गफूर मिस्त्रींचा फोन. मानेनं गाडी त्यांच्याकडे टाकलीय. पंचवीस तारखेला उंब्रजच्या माळावर मंडळाचा मेळा आहे. (सातारकरांना आणि सांगलीकरांना मध्ये पडतं म्हणून दर वर्षी उंब्रज.)

"बाई, ह्या गाडीत काय भूतबीत हाय का? इंजिन झ्याक, करंट हाय, पेट्रोल हाय. पण फुसफुस करती आन् गप बसती."

"तारा बदलल्यात का?"

"व्हय, सुभेदारांनी नव्या आणल्या. पुस्तकात बघून बसवल्या, अगदी नंबरवार."

मी म्हटलं, असं होय. आणि फोन ठेवला.

खूप दिवसांनी जेवण गोड लागलं. पुस्तकात बघून! ऑइल पंप (डिस्ट्रिब्युटर त्याच्यावरच फिरतो) बसवताना आमच्याकडून तो अर्धा फेर उलटा बसला होता. तो पुन्हा काढायचा म्हणजे दोन दिवसांचं काम, म्हणून ह्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर प्लगच्या चारही तारा दोन-दोन भोकं पुढे सरकवल्या. पुस्तकाप्रमाणे चूक, त्या इंजिनाला बरोबर. हे जगात दोघांना माहीत होतं. आता एकीला.

१२ जाने., सोम.

मंडळाची जुनी वही काढली. माझंच अक्षर. नियम चौथा : 'मेळ्यात मालकाने स्वतः, स्वतःच्या हाताने, पुढून हँडल मारून गाडी सुरू करावी. प्रयत्न तीन. न झाल्यास बंपरवर खडूची फुली मारून गाडी रांगेबाहेर काढावी.' हा नियम ह्यांनीच सुचवला होता. शोभेसाठी गाड्या घेणारे आत येऊ नयेत म्हणून.

माने पायदळातला. फौजेत गाडीत बसला तो मागच्या बाजूला.

१५ जाने., गुरु.

आला. येणार हे ठाऊक होतं, तिळगुळाचं निमित्त करेल असं वाटलं नव्हतं. स्टीलचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "ठेवा तिथं." पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

"वहिनी, जुनं काय ते सोडा. मेळ्यात आपल्या साताऱ्याची गाडी बंद पडली तर नाचक्की त्याचीच."

त्याची म्हणजे ह्यांची. बघा कसा माणूस.

"कागद कधी परत करताय?" मी विचारलं.

"कागदाचं बघू हो. आधी तारांचं काय ते सांगा."

मी सांगणार नव्हते. पण त्याच्याकडे बघता बघता दुसरंच काही सुचलं, आणि मी सांगितलं. कुठली तार कुठल्या भोकात, कागदावर चित्र काढून दिलं. चार वेळा थँक्यू म्हणाला. जाताना तिळगुळाचा डबा परत मागितला, बायकोचा आहे म्हणून. लाडू ताटलीत ओतून डबा दिला. लाडू कावळ्यांना.

अर्धं सांगितलं. अर्धं नाही सांगितलं.

१८ जाने., रवि.

गफूरभाई : "बाई, तुमचं चित्र बघून तारा लावल्या. बटन दाबलं की सुरू! लय ग्वाड आवाज. सुभेदार नुसतं उड्या मारतंय."

बटणावर होणारच सुरू. मेळ्यात बटण चालत नाही.

न सांगितलेलं अर्धं इथे लिहून ठेवते. हँडल मारायचं असेल तर आधी डिस्ट्रिब्युटर बोटभर मागे फिरवावा लागतो. नाहीतर ठिणगी लवकर पडते आणि हँडल सगळ्या ताकदीनं उलटं येतं. अशा वेळी अंगठा हँडलला वेढलेला असला की मनगट संपलं. माझं डावं मनगट त्या हँडलनंच मोडलं होतं. हे मागून ओरडले होते, "अंगठा!" पण उशीर झाला होता. अजून थंडीत ठणकतं.

मानेला हे माहीत नाही. मनगट मोडलं तर मोडू दे. त्याच हातानं त्यानं माझ्या पुढ्यात बोट ठेवलं होतं, इथे सही, इथे सही.

२२ जाने., गुरु.

मानेच्या बायकोचा, सुनंदाचा फोन. "ताई, मेळ्याला येताय ना? गाडी घरी आल्यापासून ह्यांना रोज अंगणात हँडलची नुसती ॲक्शन करायला लावतेय, वयाला झेपंल का म्हणून. बंद गाडीवर हो." आणि हसली. तिचा काय दोष.

दोनदा फोन उचलला तिला सांगायला. दोनदा ठेवला.

फोटो काढून बघितला. बूट. तिसऱ्यांदा उचलला नाही.

२५ जाने., रविवार, संध्याकाळ

क्रमानं लिहिते.

सकाळच्या एसटीनं उंब्रज. माळावर अकरा गाड्या. अध्यक्ष यादवअण्णा स्वतःच्या वन-टन ट्रकला टेकून खडू घेऊन उभे. "या बाई, या. हवालदारांची लय आठवन येती बगा." मी पहिल्या रांगेत खुर्ची घेतली. आमच्या गाडीसमोरच पाटी : 'पुनर्बांधणी : सुभेदार माने (नि.)'.

मानेची पाळी. इस्त्रीचा शर्ट, पदकं. पहिला प्रयत्न : गाडी खोकली आणि थांबली. लोक म्हणाले, होतंय होतंय. दुसऱ्याला त्यानं हाताला थुंकी लावली आणि हँडल मुठीत धरलं. अंगठा आत. घट्ट.

मी वाट बघत होते. दहा दिवस ह्याचीच वाट बघत होते.

आणि ओरडले, "अंगठा!"

मला कळलं तेव्हा मी उभी होते. आवाज ह्यांच्यासारखा निघाला, हुकमासारखा. त्यानंही हुकमासारखाच ऐकला, वर ओढता ओढता हात सोडला. हँडल खाडकन उलटं फिरलं, नडगीला चाटून गेलं.

का ओरडले? स्वतःवर अजून राग आहे. दया वगैरे काही नव्हती. ते हँडल उलटं येताना दिसलं की ओरडायचंच असतं, एवढंच.

यादवअण्णा : "सुभेदार, तिसरा मारा की."

माने हँडलकडे बघत राहिला. हात पुढे जाईना. "जरा... पाय..."

"मग फुली मारू का?"

मी पुढे गेले. अण्णा म्हणाले, "बाई, तुमी?" मागून कुणीतरी हसलं. तेच दोघे असावेत. गफूरभाईंकडे हात केला, त्यांनी न विचारता पाना दिला. बॉनेट उघडलं. स्क्रू ढिला, डिस्ट्रिब्युटर बोटभर मागे, स्क्रू घट्ट. उजवा हात, अंगठा बाहेर, खालून वर. हे म्हणायचे जोर नको, झटका दे. पहिल्यात नाही झाली. लिहायला हवं म्हणून लिहिते, पहिल्यात नाही झाली, आणि खांदा भरून आला. दुसऱ्यात सुरू झाली.

कोण काय बोललं ते ऐकलं नाही. आवाज ऐकत होते. चारही सिलिंडर सारखे.

अण्णांनी वही मागवली, नियम चौथा मोठ्यानं वाचला. "मालकानं सोताच्या हातानं. आता मालक कोन म्हनायचं, सुभेदार? लय घोटाळा झाला की ओ!" आता सगळे हसले. ते दोघेही. मानेनं ऐकलं. मी त्याच्या तोंडाकडे बघून घेतलं, नीट, शेवटपर्यंत.

तो लंगडत जवळ आला, हळू आवाजात : "वहिनी, आज लाज राखलीत."

मी गाडी बंद केली. झाकण उघडलं, रोटर काढला, पर्समध्ये टाकला.

"हे काय?"

"मी उभी केलेली गाडी आहे. फौजी पद्धत. कागद घेऊन या. आणि पेपरला एक पत्र, तुमच्या अक्षरात, गाडी कुणी उभी केली ते. सगळं."

साताऱ्याची एसटी स्टँडवर उभीच होती. खिडकी मिळाली.

२६ जाने., सोम.

टीव्हीवर दिल्लीचं संचलन. खांदा वर जात नाही, बाम लावून पडून.

यादवअण्णांचा फोन. जीप अजून माळावरच आहे, पाटीसकट. येणारे-जाणारे थांबून विचारतात, ही का हितं? "आन् माजी मानसं सगळं रंगवून सांगत्यात, बाई. च्या प्यायला गर्दी हुतीय." मानेनं ट्रॅक्टरनं ओढून न्यायचं काढलं होतं, पण ट्रॅक्टर द्यायला कुणी तयार नाही.

रोटर मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत. फोडणीपुरती मोहरी मागून घेतली थोडी शेजारून.

२८ जाने., बुध.

गफूरभाई : "सुभेदार नवा रोटर मागाय आलंतं. म्या म्हटलं, दुकान बंद हाय. म्हंत्यात, शटर तर उघडं दिसतंय. म्या म्हटलं, तुमच्यापुरतं बंद."

पुण्यात मिळेल त्याला, एका दिवसात. मला माहीत आहे. मग बटणावर सुरूही करेल. कायद्यानं गाडी त्याचीच आहे, माझी सही आहे. माझ्याकडे आहे तो मोहरीतला एक तुकडा, आणि माळावर हसलेली पन्नास माणसं. एवढ्यावर तो किती दिवस टिकतो ते बघायचं.

सुनंदाचा फोन नाही. मला अंगठ्याचं आधीपासून माहीत होतं हे तिला कळलं असावं. कळलं तर कळलं.

२९ जाने., गुरुवार

सकाळी दहा. हे लिहीत असतानाच फाटकाशी स्कूटर थांबली. माने. एकटाच, लंगडतोय अजून. हातात कागद, घडी घातलेले. चार-पाच तरी असतील. गाडीचे कागद असतील. वकिलाची नोटीसही असेल. किंवा पुन्हा एखादी परवानगी, वारसाची सही लागते म्हणून.

"वहिनी," म्हणून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली.

उभा राहू दे. आधी चष्मा. आतल्या खोलीत आहे.