कोकमतेलाचा शेवटचा गोळा

लेह, ५ डिसेंबर

ती. आईस सप्रेम जयभीम.

काय झाले ते आधी क्रमाने सांगते.

१. आपल्या चौलच्या सवयीने तुझ्या नातीला, मैत्रीला, रोज दोनदा कढत पाण्याने, साबण लावून आंघोळ घातली.
२. तिचे गाल फुटले, ओठांतून रक्त आले.
३. ते व्हिडिओ कॉलवर पाहून तू म्हणालीस, "पोरीला हिकडं पाठव, मी काय ऐकायची न्हाय."

घरमालकीण डोल्मा हसल्या, "बच्ची है या बर्तन? कितना घिसोगी?" त्यांचे बरोबर होते. साबण अंगावरचे तेल काढून टाकतो आणि इथल्या कोरड्या हवेत ते लवकर भरून येत नाही.

आता आंघोळ आठवड्यातून दोनदा. अंग ओलसर असतानाच तू दिलेले कोकमतेल वितळवून चोळते. खोबरेलाचा तर बाटलीत दगड झाला आहे. गाल बरे झाले. तुझ्या जावयाच्या, सम्यकच्या, टाचांच्या भेगाही भरल्या.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा वाडीत जातात का?

मैत्रीला इथेच राहू दे. ती नसेल तर हीटर लावूनही मला या घरात ऊब वाटणार नाही.

कोकमतेलाचा एकच गोळा उरला आहे. आणखी पाठवतेस, की मैत्रीलाच न्यायला येतेस, ते पंधरा तारखेपर्यंत कळव.

तुझी,
प्रांजली